लाल गाडीचा हातगुण

इस्माईलभाईंनी माझ्या गाडीच्या पोटातून हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सर, आता हिला त्रास नका देऊ." हे वाक्य गेली बावीस वर्षं मी लोकांच्या गोठ्यात उभा राहून बोलत आलोय. समोरच्याकडं न बघता ते कसं बोलायचं, हेही मला ठाऊक आहे. त्यामुळं वाद घालण्यात अर्थ नव्हता. कापूरहोळला त्यांच्या गॅरेजपुढं ट्रकांची धूळ खात मी थोडा वेळ उभा राहिलो आणि एसटीनं भोरला घरी आलो.

मी जनावरांच्या दवाखान्यात असतो. नोकरीला. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पण वेल्ह्याच्या खोऱ्यात सगळे मला डाक्टर म्हणतात आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. राहायला भोर आणि काम वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर, ही सोय कुणी आणि का केली हे विचारायचं मी सोडून दिलंय. कामाचा मोठा भाग गाई भरवण्याचा, म्हणजे कृत्रिम रेतनाचा. गाय माजावर आली की मालकाचा फोन येतो. नायट्रोजनच्या डब्यात गोठवलेल्या रेताच्या कांड्या घेऊन मी निघतो. वेळेत पोचलो तर गाय गाभण राहते, उशीर झाला तर उलटते आणि एकवीस दिवसांनी पुन्हा तोच फोन येतो, फक्त मालकाचा आवाज बदललेला असतो. तेव्हा गाडी ही माझ्यासाठी चैन नव्हती. कोणती गाडी, एवढाच काय तो प्रश्न होता.

म्हणजे तो फक्त मलाच पडला होता. बाकी सगळ्यांचं ठरलेलं होतं. शेजारचे मानसिंगराव भोर आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत, आणि अजूनही गल्लीतली वाहतूक त्यांच्याच नियंत्रणाखाली आहे. मी घरात पाऊल टाकायच्या आत ते कंपाउंडवरून म्हणाले, "हनुमंतराव, एकशेदहा सीसी. करडा रंग. मळ दिसत नाही. ॲव्हरेज सत्तर." ही गाडी तुम्ही पाहिलेली आहे. पोस्टमन, गुरुजी, दूधवाले, सगळ्यांकडं तीच असते. बाजारच्या दिवशी तर किल्ली लावून बघितल्याशिवाय आपली कुठली ते कळत नाही.

मला लाल हवी होती. पुढं झुकून चालवायची, सहा गिअरची, तीनशे सीसीची, अंगाला प्लास्टिकचे पंख असलेली. शनिवार-रविवारी पुण्याची पोरं तसल्या गाड्या घेऊन राजगड-तोरण्याकडं जातात. मार्गासनीच्या पुढच्या वळणावर ती माझ्या बाजूनं सुंइकन निघून जायची आणि मी डब्याला एका हातानं सावरत साइडपट्टीवर उतरायचो. सत्तेचाळीस वर्षांत मी स्वतःसाठी म्हणून काही घेतलेलं नाही. चष्मासुद्धा दवाखान्यातली लेबलं वाचता येईनात म्हणून घेतला. तेव्हा एकदा, फक्त एकदा, घ्यावी अशी एखादी गोष्ट, असं मला फार मनापासून वाटत होतं. आणखी एक कारण होतं, ते मी घरात बोललो नाही. त्या गाडीची मागची सीट तळहाताएवढी असते. आमच्या खोऱ्यात एसटी दिवसातून दोनदा, त्यामुळं माझ्या गाडीची मागची सीट ही सार्वजनिक मालमत्ता होऊन बसली होती. तळहातावर कोण बसणार, असा माझा हिशेब होता.

मंगलला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती अंगणवाडीचे रकाने भरत होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या की."

तुमचं लग्न झालं असेल तर या दोन शब्दांवर जास्त बोलायला नको.

गाडी मिळाली कामथडीत. स्वरूप नावाच्या मुलानं हौसेनं घेतलेली, वर्षभर वापरलेली, आणि आता त्याची आई ती दारात ठेवू देत नव्हती. "मी झोपले की ही उभी आहे का नाही बघायला तीनदा उठते," ती मला म्हणाली. "तुमी न्या बाबा डाक्टर. तुमी काय पळवणार न्हाई." हे तिनं कौतुकानं म्हटलं, पण मला ते लागलं. स्वरूपनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सर, दोन दिवस वापरून बघा. पटली तर पुढचं बोलू." गाडीची कागदं मागितली तर कळलं की गाडी आईच्या नावावर, बोजा बँकेचा, विम्याची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत. त्यानं हे अशा सुरात सांगितलं की जणू यातलं काहीच गाडीचं नव्हे.

पहिल्या दिवशी सकाळी मी गाडी दारातून काढली. आधी तिच्यावर बसावं लागतं आणि मग लक्षात येतं की बसलेलो नाही, ओणवा झालोय. पोट टाकीवर, मान वर, कोपरं वाकडी. गाई तपासताना मी ज्या अवस्थेत असतो जवळपास तीच, फक्त आता ती सगळ्या गल्लीला दिसत होती. मानसिंगराव पेपर घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"तीस."

त्यांनी पेपराची घडी घातली. गल्लीत कुणी वारलं की ते अशीच घडी घालतात.

दवाखान्यात साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि मला आत बोलावलं. साहेब चांगले आहेत, पण त्यांना नियम पाठ आहेत. "हनुमंतराव, शासकीय कर्मचाऱ्यानं जंगम मालमत्ता घेताना कार्यालयाला कळवायचं असतं, ठाऊक आहे ना?" मी म्हणालो, अजून घेतलेली नाही. ते म्हणाले, म्हणूनच आत्ताच अर्ज द्या. अर्जाला 'प्रयोजन' असा रकाना होता. मी 'शासकीय काम' असं लिहिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "गाई भरवायला सहा गिअर कशाला लागतात, एवढंच वर विचारतील. काय सांगू?"  त्यांनी अर्ज स्वतःच्या शेऱ्यासह जिल्ह्याला पाठवला. शेरा मला दाखवला नाही.

खरी पंचाईत डब्याची झाली. जुन्या गाडीला मागं लोखंडी कॅरिअर होतं, त्यात डबा गच्च बसायचा. या गाडीच्या शेपटाकडं कॅरिअर म्हणून बोट दाखवलं तर इस्माईलभाईंनी वेल्डिंगचा चष्मा काढूनच ठेवला. "सर, हिला वेल्डिंग करणं माझ्या हातून व्हायचं नाही. पाप लागेल." शेवटी डबा पाठीवरच्या सॅकमध्ये उभा ठेवला. डबा नेहमी उभा लागतो, हा पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. पण गाडीवर मी ओणवा, म्हणजे माझी पाठ आडवी, आणि पाठ आडवी म्हणजे डबा आडवा, हे नसरापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. झाकणातून नायट्रोजनची पांढरी वाफ निघायला लागली होती. मानेला गार लागत होतं. मला वाटलं, वेग म्हणतात तो हाच.

नसरापूरच्या स्टँडवर माणसं हातवारे करायला लागली. मी त्यांना मानेनं नमस्कार केला आणि चहाला थांबलो. तेवढ्यात रसवंतीवाल्यानं ग्लास विसळायची बादली उचलली आणि माझ्या पाठीवर रिकामी केली. "डाक्टर, पेटला होता तुमी," तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले, कारण दुसरं काय करता येतं. उरलेला दिवस शर्टाला उसाचा वास येत होता आणि गोठ्यांतल्या माश्या गाई सोडून माझ्यामागं लागल्या होत्या. परत येताना विंझरच्या एका आजीबाईंनी हात दाखवला, मागच्या तळहाताएवढ्या सीटकडं एकदा बघितलं, पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि बसल्या. उतरताना म्हणाल्या, "उंच हाय जरा. खालची घ्यायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पाठ शेकत असताना रखमाजींचा फोन आला. मार्गासनीच्या वर डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी आहे. ते आणि त्यांची बायको बाळाबाई, दोघंच, आणि एक गाय. ही गाय तीनदा उलटली होती. तिन्ही वेळा माझी जुनी गाडी चढावर बसली होती आणि मी ढकलत, घाम पुसत उशिरा पोचलो होतो. त्यांनी मला त्याबद्दल कधी शब्दानं बोलून दाखवलं नाही, त्यामुळं मला जास्तच खात होतं.

"डाक्टर, पहाटंपासनं हंबराया लागलीया," रखमाजी म्हणाले.  "बाळाबाई म्हंती, अवंदा न्हाई ऱ्हायली तर बाजार दावायचा. म्या म्हनलं, डाक्टरास्नी एकडाव इचारतो."

बाजार दाखवायचा म्हणजे विकायची. घरात दुधाचं एवढंच भांडं. मी घड्याळ बघितलं. वेळ होती, पण थोडी. आणि डबा कसा न्यायचा?

मंगल पदर खोचून पुढं आली. "मी धरते."

"अगं, त्या सीटवर—"

"वेळ जातोय." तिनं साडीवरच शेफालीचं जाकीट चढवलं, आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडं पाय टाकून बसली, आणि डबा मांडीवर उभा धरून म्हणाली, "चला." शेफाली, म्हणजे आमची कन्या, पुण्याला शिकते. तिला हे दृश्य बघायला मिळालं नाही याचं मला समाधान आहे. मानसिंगराव होते, पण त्यांनी पेपर तोंडावर धरला.

त्या दिवशी मी गाडी चालवली. म्हणजे खरी चालवली. चेलाडीपासून आत वळलो आणि रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा पाठही विसरलो. मागून मंगलचा आवाज येत होता, "खड्डा, उजवीकडं, म्हैस," एवढंच. नेहमी दीड तास लागतो, आम्ही पाऊण तासात मार्गासनी सोडली. वाडीचा शेवटचा चढ खडीचा. गाडीचं पोट खाली घासत होतं. मी दुसरा गिअर टाकला आणि इंजिनानं असा काही आवाज काढला की वाडीतली कुत्री आधी धावून आली आणि मग आवाज ऐकून परत गेली.

अंगणात शिरलो तर गाय खुंट्याला नव्हती. गाडीच्या आवाजानं दावं तोडून ती परड्यामागं पळाली होती. मग तिच्यामागं रखमाजी, त्यांच्यामागं वाडीतली पाच-सहा माणसं, त्यांच्यामागं हेल्मेट काढायचं विसरलेला मी, आणि अंगणात जाकीट घालून, डबा छातीशी धरून उभी असलेली मंगल. दोन शेतं, एक ओढा आणि कुणाचा तरी वाळत घातलेला भात तुडवून झाल्यावर गाय आपणहून थांबली. मी पोचलो तेव्हा ती शांत होती, धापा मी टाकत होतो.

वेळेत भरवली. तीनदा चुकलेलं काम बरोबर तासाला झालं. हात धुताना मला बरं वाटत होतं, तेवढ्यात बाळाबाई म्हणाल्या, "पळाली ते बरं झालं. अंग मोकळं झालं तिचं." मी म्हणालो, पळण्याशी काही संबंध नाही, वेळेशी आहे. त्या "व्हय, व्हय," म्हणाल्या आणि गाडीकडं बघत राहिल्या.

घरी पोचल्यावर मला गाडीवरून उतरता येईना. मंगलनं एक पाय धरून मला उतरवलं. रात्रभर मी कुशीवर वळू शकलो नाही. सकाळी तिनं चहा अंथरुणापाशी आणला आणि म्हणाली, "हवी तर घ्या हो. खरंच सांगतेय. काल मजा आली."

हे ती पहिल्यांदा खरं बोलत होती, आणि नेमकं तेव्हाच मला कळलं की ती गाडी मला झेपणारी नाही. ना पाठीला, ना गुडघ्याला. कुणी तोंडावर म्हणायच्या आत मीच म्हणून टाकलं, "नको. ॲव्हरेज देत नाही." मला फार वाईट वाटलं होतं. मंगलला ते दिसलं असणार, कारण तिनं रिकामा कप उचलला आणि माझं पांघरूण सारखं केलं.

किल्ली कामथडीत परत दिली. स्वरूपची आई म्हणाली, "मला वाटलंच हुतं." पुढच्या आठवड्यात करडी एकशेदहा आली. मानसिंगरावांनी स्वतः हार आणला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि सांगण्यासारखंही काही नाही.

तीन महिन्यांनी रखमाजींची गाय तपासली. गाभण होती. रखमाजींनी टोपी काढून डोकं पुसलं. मी म्हणालो, या वेळी वेळ गाठली. बाळाबाई म्हणाल्या, "लाल गाडीचा हातगुण."

मला वाटलं, बाई गमतीनं बोलतायत. पण आठ दिवसांत फोन सुरू झाले. "डाक्टर, आमची बी दोनदा उलटलीया. येताना ती लाल गाडी घेऊन या." मी सांगायचो, गाडी माझी नव्हती, ती परत केली.  मग, "बरं, या मग तसंच." तसंच, म्हणजे नुसताच मी. गोठ्यात गेलो की लोक माझ्या पाठीमागं रस्त्याकडं बघायचे. एका गृहस्थांनी तर माझ्या करड्या गाडीची रेस वाढवून बघितली. गाईनं रवंथ करणं थांबवलं नाही. ते म्हणाले, "न्हाई, ही न्हाई गाय पळवायची." बावीस वर्षं, तीन तालुके, किती गाई, त्याची नोंद दवाखान्यात आहे. सगळं श्रेय दोन दिवसांच्या उसन्या गाडीला गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ते पुरतं खोटंही नव्हतं. त्या दिवशी वेळेवर मी पोचलो तो तिच्यामुळंच.

मध्यंतरी जिल्ह्यावरून अर्ज परत आला. मंजूर. साहेब स्वतः टेबलाशी आले. "प्रयोजन मान्य झालंय. खालून लोकांचीही मागणी आहे म्हणतात. घ्या आता." मी त्यांना माझी करडी गाडी खिडकीतून दाखवली.

एकदा मनाशी ठरवून कामथडीला गेलोसुद्धा. पाठ गेली खड्ड्यात, म्हटलं, घेऊन टाकू. स्वरूप गाडी पुसत होता. जरा अवघडून म्हणाला, "सर, आता विकायची नाही. गोठ्यांवरून आठवड्याला दोन-तीन बोलावणी असतात. आईच म्हणते, जाऊन ये, पुण्याईचं काम आहे." आणि आत वळून त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो.

दिवस भरले तशी रखमाजींची गाय अडली. सकाळी नऊला फोन आला, साडेदहाला मी वाडीवर होतो; करडी चढावर बसली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. अंगणात शिरलो तर समोर, सारवलेल्या जागेत, ताडपत्रीच्या सावलीला, लाल गाडी उभी. रखमाजींनी पहाटेच स्वरूपला बोलावून घेतलं होतं. तो बाजेवर बसून पोहे खात होता. वाडीतली बायामाणसं गाडीभोवती अंतर राखून उभी होती. माझी करडी मी कुंपणाबाहेर, शेणाच्या ढिगापाशी लावली.

वासराचा एक पाय मागं दुमडला होता. हे काम कुठल्या गाडीनं होत नाही. शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात साबणानं धुतला आणि गोठ्यात आडवा झालो. तास-दीड तास. हात सुन्न पडला, तो बाहेर काढून झटकायचा आणि पुन्हा आत घालायचा. रखमाजी गाईच्या डोक्याशी बसले होते. मध्येच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "जमंल न्हवं?" मी हात पुन्हा आत घातला, कारण मला ठाऊक नव्हतं. मग पाय सुटला, सरळ झाला, आणि एका कळेसरशी वासरू माझ्या मांडीवर आलं. कालवड. तांबडीलाल, कपाळावर पांढरा ठिपका. बाहेर कुणीतरी म्हणालं, "रंग बघा, रंग." मी मान खाली घालून नाळ बघत राहिलो.

गोठ्याबाहेर आलो तेव्हा बाळाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. ओलं कुंकू, हळद, निरांजन. त्यांनी आधी कालवडीला ओवाळलं. मग गाईला. मग ताट घेऊन अंगणात आल्या आणि लाल गाडीच्या पुढच्या दिव्यावर चांगलं बोटभर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. स्वरूप पोह्यांची ताटली घेऊनच उठून उभा राहिला. मी हौदाशी हात धूत होतो, बनियनवर, कोपरापर्यंत माखलेला, आणि पाणी संपत आलं होतं.

त्या माझ्याकडं वळल्या. ताटात बघितलं. कुंकू संपलं होतं. क्षणभर त्या घोटाळल्या, मग परत गाडीपाशी गेल्या, दिव्यावरचं थोडं कुंकू बोटानं उचललं आणि येऊन माझ्या कपाळाला लावलं. "डाक्टर, तुमचं बी हाय की ह्यात," त्या म्हणाल्या.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत मी कपाळ पुसलं नाही.